खोलीतले आठ, बाहेरचे सात : आवाज घुमतो, दुपारी तुटतो

टेबलाचं_टोक (प्रश्न)

दर आठवड्याला दीड तासाची बैठक असते. खोलीत आठ जण, बाहेरून सात. बाहेरच्यांपैकी चौघं लॅपटॉपवरून येतात, तिघं फिरतीवर असल्यामुळे फोन नंबर लावून जोडले जातात.

खोली साधारण ६ बाय ४ मीटरची आहे. एक भिंत पूर्ण काचेची, खाली फरशी. लांबट टेबलाच्या एका टोकाला टीव्ही आणि त्यावर यूएसबी वेबकॅम. आमचं बोलणं वेबकॅमच्या माईकमधून जातं, बाहेरच्यांचं टीव्हीच्या स्पीकरमधून येतं. खोलीतला लॅपटॉप वाय-फायवर आहे.

अडचणी अशा :

१. टीव्हीपासून लांब बसलेल्यांचं बोलणं बाहेरच्यांना विहिरीतून आल्यासारखं वाटतं.
२. बाहेरचा माणूस बोलायला लागला की त्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. खोलीत मात्र सगळं स्वच्छ.
३. तीनच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटं आवाज तुटतो, वाक्यं अर्धी गळतात. स्पीड टेस्टचे आकडे मात्र चांगले येतात.
४. फोनवरच्या लोकांना आकडे कळत नाहीत. एकच रक्कम तीनदा सांगावी लागते.

चांगला कॅमेरा घ्यावा असं खोलीतल्या बहुतेकांचं मत आहे. त्याने यातलं काय सुटेल? आणि सुरुवात कुठून करावी?

---

ध्वनिवेध

कॅमेऱ्याने यातलं काहीच सुटणार नाही. चारही तक्रारी आवाजाच्या आहेत. चित्र गोठलं तरी बैठक चालू राहते, आवाज गेला की ती थांबते. त्यामुळे पैसे आणि वेळ आधी आवाजावर घाला.

दुसरी तक्रार आधी घेतो, कारण तिथेच सगळ्यांची गल्लत होते. ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे दोष नसतो. दोष समोरच्या टोकाला असतो. त्याचा आवाज तुमच्या टीव्हीतून बाहेर पडतो, तुमच्या माईकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. तुम्हाला खोलीत सगळं स्वच्छ वाटतं ते यामुळेच. खात्री करायची तर तो बोलत असताना खोलीचा माईक म्यूट करा. प्रतिध्वनी लगेच थांबला तर उगम खोलीतच आहे. थांबला नाही तर बाहेरच्यांना एकेक करून म्यूट करत जा, ज्याला म्यूट केल्यावर थांबेल तो उगम.

प्रतिध्वनी कापायचं काम सॉफ्टवेअर करतं, पण त्याला स्पीकरमधून नेमकं काय आणि कधी वाजलं हे ठाऊक असावं लागतं. टीव्ही आवाजावर स्वतःची प्रक्रिया करून तो थोडा उशिरा वाजवतो आणि हा उशीर सारखा राहीलच असं नाही. मग हिशेब चुकतो. म्हणून माईक आणि स्पीकर एकाच डब्यात असलेला कॉन्फरन्स स्पीकरफोन टेबलावर ठेवतात : काय वाजतंय ते त्याला आतूनच कळतं. तो जोडल्यावर सेटिंगमध्ये माईक आणि स्पीकर दोन्ही ठिकाणी तोच निवडलाय ना, ते पाहा. माईक नवा आणि स्पीकर मात्र टीव्हीचाच, ही चूक फार होते, आणि तसं राहिलं तर नवा डबा घेऊनही प्रतिध्वनी तसाच राहतो.

आता विहिरीतला आवाज. मोकळ्या जागेत माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. वेबकॅमपासून एक मीटरवर बसलेल्याच्या तुलनेत चार मीटरवरच्याचा आवाज १२ डेसिबल खाली असतो. खोलीत घुमणारा आवाज मात्र सगळीकडे जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे लांबच्या माणसाचं थेट बोलणं कमी आणि काचेवरून, फरशीवरून परतलेलं जास्त. माईकची पातळी वाढवली की दोन्ही वाढतात, प्रमाण तेच राहतं. यावर उपाय एकच, माईक माणसाजवळ नेणं. तुमच्या टेबलाला मधोमध एक स्पीकरफोन आणि दोन्ही बाजूंना त्याचेच जोड-माईक लागतील. कोणीही माईकपासून दीड मीटरपेक्षा लांब असू नये, या हिशेबाने जागा ठरवा.

खोलीसाठी : रिकाम्या खोलीत एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे घुमणारं शेपूट ऐकू आलं तर भिंती बोडक्या आहेत, आवाज परतवतात. काचेला जाड पडदा, खाली गालिचा आणि काचेच्या समोरच्या भिंतीवर मऊ फलक, या क्रमाने करत जा आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा टाळी वाजवून ऐका. माईक एसीच्या झोताखाली ठेवू नका. त्याच्याखाली रबराची चटई घाला, नाहीतर टेबलावर पेन ठेवलेलंही बाहेरच्यांना हातोड्यासारखं ऐकू जातं.

केबल सांभाळा. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच धरायची. दोन एक्स्टेन्शन एकाला एक जोडून आठ मीटर केली की उपकरण मधूनच गायब होतं, परत येतं, आणि बैठकीच्या मध्यात लॅपटॉप गुपचूप स्वतःच्या माईकवर जातो. लांब न्यायची असेल तर ॲक्टिव्ह केबल (आतच सिग्नलला जोर देणारी) घ्या.

---

रांगेतलं_पॅकेट

तिसऱ्या तक्रारीवर लिहितो. ठरलेल्या वेळी तुटतं आणि स्पीड टेस्ट चांगली येते, हे जवळजवळ नेहमी अपलोडच्या रांगेचं लक्षण असतं. स्पीड टेस्ट किती माल जातो ते सांगते. बोलण्याला मात्र माल थोडा आणि वेळेवर लागतो.

आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. सगळं धरून १०० केबीपीएसच्या आसपास भागतं. तीन वाजता कुठल्यातरी मशीनचा बॅकअप सुरू झाला की तो अपलोडची पूर्ण वाट भरतो, राउटर किंवा मोडेम पॅकेटांची लांब रांग लावतो आणि आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. ते पोचतं, पण त्याची वेळ निघून गेलेली असते. उशिरा आलेला तुकडा वाजवता येत नाही, तो फेकावा लागतो. तुम्हाला गळालेली वाक्यं दिसतात ती ही.

तपासायचं असं. खोलीच्या लॅपटॉपवरून बाहेरच्या एखाद्या खात्रीच्या पत्त्याला १०० वेळा पिंग करा (चिमुकला निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं) आणि सरासरी लिहून ठेवा. मग मुद्दाम एक मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा आणि ती चढत असताना पुन्हा १०० पिंग. पहिली सरासरी २० आणि दुसरी ३०० मिलिसेकंद आली तर आजार सापडला. तिसरी मोजणी तीन वाजता, प्रत्यक्ष त्रास चालू असताना करा.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. बॅकअप, क्लाउड सिंक, सुरक्षा-कॅमेऱ्यांचं चित्रण चढवणं, जे असेल ते रात्री हलवा किंवा त्याला वेगमर्यादा घाला. दुसरं, राउटरमध्ये एसक्यूएम (पॅकेटांची रांग आवरणारी सोय) असेल तर चालू करा, त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग लावायची पद्धत निवडा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा वेग सोडायचा तो यासाठी, की रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागावी. तिथे आवाजाच्या पॅकेटाला पुढे काढता येतं, मोडेममध्ये येत नाही.

लक्षात ठेवायचे आकडे : एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा (आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतला आकडा). त्यापुढे लोक एकमेकांच्या बोलण्यावर चढायला लागतात आणि दोघांनाही समोरचाच उद्धट वाटतो. पॅकेट-गळती १ टक्क्याच्या आत, जिटर, म्हणजे पॅकेटांच्या उशिरातला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत. गळती विखुरलेली असेल तर कोडेक (आवाज आकसून पाठवणारं आणि पुन्हा उलगडणारं सॉफ्टवेअर) ती झाकून नेतो. सलग पाच-दहा पॅकेट गेली तर शब्दच जातो.

आणखी दोन ठिकाणी बघा. पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती, यूडीपी आणि टीसीपी. यूडीपी हरवलेल्यासाठी थांबत नाही, म्हणून बोलण्याला तीच बरी. फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) यूडीपी अडवत असेल तर ॲप टीसीपीच्या ४४३ पोर्टवर उतरतं. टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं आणि ते येईपर्यंत मागची सगळी थांबतात. बोलणं थबकतं आणि मग घाईघाईने धावतं, तेव्हा हाच संशय घ्या. झूमसाठी यूडीपी ८८०१ ते ८८१०, टीम्ससाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१ बाहेर जायला मोकळे हवेत. दुसरं म्हणजे व्हीपीएन, बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट. बाहेरचे चौघं कंपनीच्या व्हीपीएनमधून येत असतील तर बैठकीची वाहतूक त्यातून वगळा. नाहीतर त्यांचा आवाज आधी कंपनीत येतो, मग बाहेर जातो, आणि तुमच्याच अपलोडवर बसतो.

खोलीतला लॅपटॉप मात्र तारेवर घ्या, कारण आठ माणसांचा आवाज त्याच्या एका जोडणीवर आहे. तारच शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि टेबलापाशी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर नको (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६, ११), आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात.

---

स्टार_सहा

फोनवरच्या तिघांबद्दल. त्यांचा विचार बहुतेक बैठकांत शेवटी होतो, आणि ते बरोबर नाही. दिसत काहीच नाही, ऐकूही कमी येतं, तरी निर्णय त्यांनाही लागू असतो.

फोनच्या पारंपरिक वाटेने ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. म्हणून ‘साठ’चा ‘स’ विरतो आणि पलीकडे ‘आठ’ पोचतं. सात आणि साठही तसेच. आकडा एकदा पूर्ण आणि एकदा सुटा सांगायची शिस्त लावा : “साठ हजार, सहा-शून्य हजार”. तारखा, मापं, ऑर्डरचे नंबर, सगळं असंच. मोठ्याने बोलून उपयोग नाही, जी कंपनं वाटेतच कापली जातात ती मोठ्याने बोलूनही कापलीच जातात.

कागद आधी पाठवा, पानांना नंबर घाला, आणि बोलणाऱ्याने दर वेळी पान नंबर तोंडाने सांगावा. “हा लाल रकाना बघा” याचा फोनवर काहीही अर्थ लागत नाही.

जोडणीसाठी त्यांच्या फोनमध्ये नंबर असा साठवा : डायल-इन नंबर, मग दोन स्वल्पविराम, मग बैठकीचा कोड, मग हॅश. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा. स्वागताची टेप लांब असेल आणि कोड आधीच जात असेल तर आणखी स्वल्पविराम घाला. फिरतीवर असताना एका हाताने अकरा आकडी कोड दाबायची वेळ कोणावर येऊ नये. गाडी चालवत असतील तर थांबवूनच जोडायचं, हे बैठकीच्या निमंत्रणातच लिहा.

म्यूट आणि अनम्यूट स्टार-६ ने होतं, हे झूम, टीम्स, मीट तिन्हीकडे चालतं. दुसरा फोन आला तर कॉल होल्डवर टाकू नका, सरळ तोडा आणि परत या. होल्डवर टाकलं की होल्डची धून पूर्ण बैठकीत वाजते, आणि वाजवणाऱ्याला ते कळतही नाही. तोवर यजमानाने तो नंबर शोधून म्यूट करावा लागतो. यासाठीच सुरुवातीला हजेरी घेताना नुसत्या नंबरांना नावं देऊन ठेवा.

लॅपटॉपवर चित्र आणि फोनवर आवाज असं करणाऱ्यांनी लॅपटॉपचा ऑडिओ सोडायला हवा, नाहीतर दोन्ही वाटा एकमेकींना ऐकतात. झूममध्ये फोनवर हॅश, पार्टिसिपंट आयडी, हॅश दाबलं की फोन आणि लॅपटॉप एकच माणूस म्हणून जोडले जातात.

झूममध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (बैठकीतल्यांशिवाय कोणालाच ऐकता येऊ नये अशी कुलूपबंदी) चालू केलं तर फोनवरून येणं बंद होतं, क्लाउड रेकॉर्डिंगही. कोणीतरी चांगल्या हेतूने ते चालू करतं आणि फोनवरचे बाहेर ताटकळतात.

---

प्रत्येकी_हेडसेट

वेगळं मत नोंदवतो. काचेची भिंत आणि फरशी असलेल्या खोलीत स्पीकरफोनवर खर्च करण्यापेक्षा आठही जणांनी आपापल्या जागेवरून, तारेच्या हेडसेटने जोडावं. माईक तोंडापासून काही सेंटिमीटरवर आला की खोली कशी आहे याला महत्त्व उरत नाही. शिवाय प्रत्येकाचं नाव वेगळं दिसतं.

---

ध्वनिवेध

आवाजापुरतं हे बरोबर आहे, आणि लोक वेगवेगळ्या खोल्यांत बसणार असतील तर मी हेच सुचवेन. एकाच खोलीत आठ हेडसेट असले की शेजाऱ्याचं बोलणं हवेतून आधी आणि हेडसेटमधून मागून ऐकू येतं, आणि दीड तास ते सहन होत नाही. समोरासमोर बसून बोलायचं असेल तर स्पीकरफोनच.

खोलीत कोणाला स्वतःच्या लॅपटॉपवर चॅट किंवा स्क्रीन हवी असेल तर त्याने ऑडिओशिवाय जोडावं. मीटमध्ये यासाठी कम्पॅनियन मोड आहे, टीम्समध्ये जोडताना ऑडिओ न वापरण्याचा पर्याय आहे. नुसता माईक म्यूट करून भागत नाही : लॅपटॉपचा स्पीकर चालू राहिला तर त्यातून थोडा मागे पडलेला आवाज टेबलावरच्या माईकमध्ये शिरतो.

एक राहिलं. स्पीकरफोन स्वतःच गोंगाट कापतो. ॲपमधलं नॉइज सप्रेशनही ‘हाय’वर असेल तर दोन चाळण्यांतून गेलेला आवाज पाण्यातून बोलल्यासारखा येतो आणि हळू बोलणाऱ्याला ॲप गोंगाट समजून गाळून टाकतं. ॲपमध्ये ‘लो’ ठेवा.

---

टेबलाचं_टोक

मोजून आलो. एरवी पिंग १८ मिलिसेकंद, फाइल चढवताना ३४०. आज तीन वाजता ३१०, आणि त्याच वेळी हिशेबाच्या मशीनचा बॅकअप चढत होता. तो रात्री अकराला हलवला. राउटरमध्ये एसक्यूएम आहे, उद्या लावतो.

टाळीमागचं शेपूट चांगलंच लांब आहे. पडद्याचं माप घेतलं.

आता स्क्रीनबद्दल विचारतो. तक्ता शेअर केला की बाहेरच्यांना आकडे पुसट दिसतात. आणि रेकॉर्डिंगवरून इतिवृत्त काढायचं तर कोण बोललं ते कळत नाही.

---

रांगेतलं_पॅकेट

एसक्यूएम लावल्यावर फाइल चढवत पुन्हा १०० पिंग करा. सरासरी ४०-५० च्या खाली आली नाही तर मर्यादा आणखी ५ टक्के उतरवा आणि पुन्हा मोजा. नंतर लाइनचा वेग बदलून घेतलात तर ही मर्यादाही बदलावी लागेल, हे राउटरवर चिठ्ठी लावून ठेवा. जुनी मर्यादा तशीच राहते आणि नवा वेग कधी मिळतच नाही.

---

स्टार_सहा

स्क्रीन पुसट दिसण्याची बहुधा दोन कारणं. तुमचा मॉनिटर फोर-के असेल तर त्याचं चित्र बाहेरच्यांच्या लहान पडद्यावर आकसून जातं. शेअर करण्याआधी रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, पूर्ण स्क्रीन न देता फक्त तक्त्याची खिडकी शेअर करा आणि तक्ता १२५ ते १५० टक्के मोठा करा. एका वेळी दहा-बारा रकाने मावतील तेवढेच दाखवा. खिडकीच शेअर केल्याने खाजगी निरोपही कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाहीत.

दुसरं, शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीची खूण लागलेली आहे का बघा. ती लागली की ॲप हालचाल गुळगुळीत ठेवायला जातं आणि अक्षरांची धार सोडतं. तक्त्यासाठी ती काढा, चित्रफीत दाखवताना लावा आणि तेव्हा कॉम्प्युटरचा आवाज शेअर करायची खूणही लावा.

रेकॉर्डिंगचं : सुरू करण्यापूर्वी तोंडाने सांगा, सगळ्यांची संमती घ्या, फोनवरच्यांची नाव घेऊन. झूममध्ये लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना प्रत्येकाची वेगळी ध्वनिफाइल ठेवण्याचा पर्याय आहे, पण खोलीतले आठ जण एकाच माईकवरून येतात म्हणून त्यांची एकच फाइल बनेल. आपोआप उमटणाऱ्या मजकुरातही आठही जण सहसा खोलीच्या एकाच नावाखाली येतात. त्यामुळे खोलीतल्यांनी बोलण्याआधी नाव सांगावं. फोनवरच्यांनाही तेच हवं असतं, कोण बोलतंय ते त्यांनाही दिसत नाही.

आणि बैठकीला दोन माणसं नेमा. एक चालवणारा, दुसरा फक्त जोडणी सांभाळणारा : वेटिंग रूम उघडणं, नंबरांना नावं देणं, चॅट वाचणं, होल्डची धून म्यूट करणं. या दुसऱ्याला को-होस्ट (सह-यजमान) करा आणि त्याने खोलीच्या लाइनवर न राहता स्वतःच्या मोबाइल डेटावर जोडावं. खोलीची लाइन गेली तरी बाहेरच्या सातांची बैठक चालू राहते आणि खोलीतले फोनवरून परत येऊ शकतात. तो डायल-इन नंबर आणि कोड कागदावर छापून टेबलावर चिकटवून ठेवा, कारण लाइन गेल्यावर तो निमंत्रणात शोधता येणार नाही.